लुदोविना मावशीकडे ठेवलेली वही

दर ऑक्टोबरात फ्लूची लस टोचून घ्यायला एतेलव्हिना आरोग्य केंद्रात जाते आणि काम झालं तरी अर्धा तास तिथेच बसते. अडतीस वर्षं तिने याच डोंगराळ भागात परिचारिका म्हणून काढली. आता एक बटण दाबलं की माणसाच्या जन्मापासूनच्या सगळ्या लसी पडद्यावर येतात. ते पाहिलं की तिचं मन एकोणीसशे सहासष्ट सालात जातं.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पोलिओचे थेंब बर्फाच्या डब्यात, डबा पेंढ्यात, काखेत मुलांची नावं लिहायची वही, आणि ती खेचरावर, अशी ती फोंतेसेका गावी पोचली. शाळेत अकरापर्यंत वाट पाहिली, पण एक मूल फिरकलं नाही. दारं ठोठावली तर आतून कड्या लागल्या. इकडे बर्फाचं पाणी होत होतं.

शेवटी ती गावच्या भट्टीकडे गेली. पाव भाजायचा दिवस होता, त्यामुळे बऱ्याच बाया तिथेच होत्या. तिला पाहताच त्यांनी पाठ फिरवली. बोलली ती फक्त लुदोविना मावशी, गावातली सर्वांत म्हातारी बाई.

"तुझ्या औषधाला कोण भितंय, सिस्टर? भीती आहे ती त्या वहीची. आज पोरांची नावं लिहून नेशील, उद्या सरकार त्यांना लढाईवर नेईल. माझा नातू समुद्रापार अंगोलातल्या लढाईवर गेला, तो पेटीतून आला."

एतेलव्हिनाचा धाकटा भाऊही तिकडेच होता, आणि दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. नाव लिहिल्याशिवाय डोस द्यायचा नाही, असा सक्त नियम होता. तिने डब्यात हात घालून पाहिला; बर्फ जेमतेम मूठभर उरला होता. मग वही काढून मावशीच्या हातात दिली.

"ही तुमच्यापाशी राहू द्या. मला फक्त पोरं आणून द्या."

मावशीने आधी आपल्या पणतूला पुढे केलं. साखरेच्या खड्यावर थेंब पडले, पोराने मिटक्या मारल्या. त्या दुपारी एतेलव्हिनाने एक्केचाळीस मुलांना डोस दिला आणि एकही नाव न लिहिता, वहीशिवाय परतली. आरोग्य केंद्रातल्या साहेबांनी तिला सगळ्यांदेखत झापलं, तिच्या कागदांवर लाल शेरा मारला. त्या रात्री ती रडली, पण आपलं चुकलं असं तिला वाटलं नाही.

दोन महिन्यांनी दुसऱ्या डोसला ती गेली, तेव्हा बाया पोरांना घेऊन वेशीवर उभ्या होत्या. मावशीने शालीआडून वही काढली.

"घे, लिही आता. पण मुलग्यांची वयं मी सांगेन तीच लिहायची."

त्या दिवशी फोंतेसेकातले सगळे मुलगे दोन-दोन वर्षांनी लहान झाले. एतेलव्हिनाने मान खाली घालून लिहिलं. लढाई संपली, तोवर त्यांतल्या एकाचीही लढाईवर जायची पाळी आली नव्हती, आणि एकही जण लंगडत नव्हता. तिचा भाऊही परतला, कानाने थोडा अधू होऊन.

पुढे ती धडधाकट पोरं कामधंद्यासाठी फ्रान्सला गेली आणि तिथलीच झाली. गावात आज नऊ म्हातारी माणसं उरलीत. पण ऑगस्टात काही जण येतात, एतेलव्हिनाला गाडीत घालून गावी नेतात. यंदा मावशीचा पणतू, आता आजोबा झालेला, तिच्या शेजारी जेवायला बसला होता. आपलं खरं वय काय, हे त्याने तिलाच विचारलं.