उभे राहणे मला जमत नाही

मी एक जुना, ठेंगणा डिझेल ट्रॅक्टर आहे. इंजिन चालू असले की माझे बॉनेट थरथरते, मडगार्ड थरथरते. बंद असले की ती थरथर आत जाऊन बसते. मित्रांनो, बांधावर उभे राहून डुलक्या काढणारे ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. मला ते कधीच जमले नाही.

माझा जन्म फरिदाबादच्या एका कारखान्यात झाला. तिथून माझी रवानगी दिल्लीच्या लष्करी छावणीत, चारा आणि भाजी पिकवणाऱ्या शेतावर झाली. मला चालवायचे हवालदार मारुतराव, साताऱ्याकडचे. रोज सकाळी ते इंजिनातले तेल तपासत, डिझेलच्या गाळणीत साठलेले पाणी सोडून देत, हवेची गाळणी धूत. मी मनात म्हणायचो, पुरे आता, निघू या. पण ते कधी घाई करत नसत. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई हसून म्हणायच्या, की घरच्या स्टोव्हला यांनी कधी पिन मारली नाही, या लाल गड्याची मात्र रोज आंघोळ.

अठ्ठ्याहत्तर साली यमुनेला पूर आला. नदीकाठच्या एका वस्तीतली माणसे आणायला आम्हाला पाठवले. ट्रॉलीत म्हातारी माणसे, बायका, पोरे आणि दोन शेळ्या घेऊन आम्ही परत निघालो. समोर पुश्ता दिसत होता. नदीच्या बंधाऱ्याला दिल्लीत पुश्ता म्हणतात. निम्मी वाट झाली आणि पाणी माझ्या पंख्यापर्यंत चढले. ट्रॉलीतले लोक चला, चला म्हणत होते. माझीही तीच ओढ होती. मारुतरावांनी मात्र इंजिन बंद केले.

"आता हितंच ऱ्हायचं," ते माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. "नाकात पाणी गेलं तर तू मोडशील, आन् ही माणसं मधीच ऱ्हातील."

त्यांनी माझ्या पुढच्या हुकाला दोर बांधला आणि दुसरे टोक घेऊन ते छातीभर पाण्यातून पुश्त्यावरच्या झाडापर्यंत गेले. त्या दोराला धरून एकेक माणूस पलीकडे पोहोचला. पोरांना मारुतरावांनी खांद्यावर नेले, शेळ्यांनाही. पाणी मला ढकलत होते आणि मी दात आवळून उभा होतो. ट्रॉली रिकामी झाली तेव्हा पाणी सीटवर आले होते.

पूर ओसरल्यावर मारुतरावांनी मला लगेच चालू केले नाही. इंजिनातले तेल काढले, तर ते पाणी मिसळून दुधाच्या चहासारखे निघाले. स्वच्छ तेल निघेपर्यंत ते धूत राहिले, मगच त्यांनी मला हाक दिली. छावणीत माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली. माझे चित्त मात्र शेताकडे होते.

पुढे मारुतराव निवृत्त होऊन गावी गेले आणि माझा लिलाव झाला. बहादूरगडच्या वीटभट्टीवर मी वर्षानुवर्षे धूळ ओढली. हवेची गाळणी कुणी उघडलीच नाही. तिथून मी नजफगडच्या धरमबीर नर्सरीवाल्याकडे आलो. एके दिवशी माझा डिझेलचा पंप बिघडला आणि त्याने मला बोगनवेलीच्या कुंड्यांमागे भिंतीला लावले. सायलेन्सरचे तोंड उघडेच राहिले. पाऊस आत गेला, गंज चढला, पिस्टन जागच्या जागी चिकटले. आसपास इमारती चढल्या, मेट्रो आली. सारे कुठेतरी निघाले होते. मी तेवढा तिथेच.

बंदी आल्यामुळे जुन्या डिझेल गाड्या दिल्लीच्या रस्त्यांवरून हटू लागल्या, तशी भंगारवाल्यांची नजर माझ्याकडे वळली. धरमबीरने एकाला रविवारी यायला सांगितले.

त्याच आठवड्यात लक्ष्मीबाई नगरमधून एक जोडपे मोगऱ्याचे रोप घ्यायला आले. सुनंदाबाई एका प्रशिक्षण संस्थेत मुलींना डिझेल इंजिनाचे काम शिकवत. त्यांचे पती श्रीरंग मंत्रालयात नोकरीला होते. सुनंदाबाई रोप विसरून माझ्यापुढे उकिडव्या बसल्या.

"अगं, चल ना यार," श्रीरंग म्हणाले. "हा बिल्कुल भंगार आहे."

"आत काय झालंय ते बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

धरमबीरला गंमत वाटली. "संडे तक चल पड़ा तो ले जाओ मैडम," तो म्हणाला, "बच्चियों के काम आएगा."

सुनंदाबाई रोज संध्याकाळी येऊ लागल्या. त्यांनी सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतून ठेवले, पंप दुरुस्त केला, गाळण्या आणि बॅटरी बदलल्या. पिस्टन हलेना. नर्सरीतली माणसे म्हणाली, दुसऱ्या ट्रॅक्टरमागे बांधून ओढू, आपोआप सुटेल. खरे सांगतो, मलाही तेच हवे होते. सुनंदाबाईंनी मान हलवली. पिस्टन चिकटलेला असताना ओढले तर आतले काहीतरी तुटेल, असे त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तेल ओतून घरी गेल्या. मी रात्रभर चडफडत राहिलो.

रविवारी भंगारवाल्याचा ट्रक आला. त्याच्या माणसाने माझ्या पुढच्या अॅक्सलला साखळी गुंडाळली. सुनंदाबाईंनी तिकडे पाहिलेही नाही. त्यांनी फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या दात्यांत पहार अडकवली आणि हळूच दाब दिला. मग उलट बाजूने. पुन्हा इकडे. बोटभर काहीतरी सरकले. मला ते आधी कळले, मग त्यांना.

"श्रीरंग," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुटला."

सिलिंडरमधले तेल काढून त्यांनी डिझेलच्या नळीतली हवा सोडली आणि चावी फिरवली. मी खोकलो. एक सिलिंडर पेटला, काळा धूर निघाला, मग दुसराही पेटला. कुंड्या हादरल्या. पुढे येऊन धरमबीरने स्वतःच साखळी सोडली.

आता मी सुनंदाबाईंच्या संस्थेत आहे. रस्त्यावर जायची मला मुभा नाही. दर सत्रात मुली मला उघडतात, प्रत्येक भाग हाताळतात, पुन्हा जुळवतात आणि आवारात एक फेरी मारतात. कुंपणापलीकडे रस्ता ऐकू येतो आणि माझा जीव तिकडे ओढ घेतो. ही ओढ काही जायची नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राला रंग फासून कोपऱ्यात शोभेला ठेवू नका. त्याला स्वच्छ तेल द्या, स्वच्छ हवा द्या आणि काम द्या. आणि एखादे अडून बसले, तर त्याला ओढण्याआधी आत काय अडकले आहे ते बघा. तेवढा धीर धरा. माझ्यापाशी तो नाही, तुमच्यापाशी असू द्या.

मुलींनी मला नुकतेच जुळवले आहे. टाकी भरलेली आहे, तेलही पाहून झाले. चावी कुणाकडे आहे?