मागल्या सालचा वारा

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. काच जाड, बूच लाखेने बंद आणि पोटात एक छापील कार्ड. समुद्राचे पाणी कोठून कोठे वाहते हे शोधणाऱ्या साहेबांनी मला १९२९ च्या चैत्रात डहाणूसमोर खोल दर्यात सोडले. उत्तरेचा वारा सतत पाठीशी होता. बाविसाव्या दिवशी मी दक्षिणेला दाभोळच्या वाळूला लागले.

तेथे खानदेशातल्या धानोऱ्याच्या भिला नावाच्या माणसाला मी सापडले. तो सुरतेच्या गलबतावर खलाशी होता. त्याने कार्ड पोस्टात टाकले, साहेबांचे आभाराचे पत्र आले आणि गावभर माझे कौतुक झाले. मग कौतुक आटले आणि त्याच्या बायकोने, गजराबाईने, माझ्यात मेथीचे बी भरले. मला राग आला. पण बाटलीचा राग कोण पाहतो?

पुढच्याच चैत्रात नंदुरबारच्या सुमेरमल शेठांनी गजराबाईला माझ्यासकट पेढीवर बोलावले. भिलाच्या गलबतात शेठांचीच मिरची होती. सुरतेहून तार आली होती : डहाणूसमोर डोलकाठी मोडली, गलबत वाहत गेले, आठ दिवस दक्षिणेचा वारा. शोधायला मचवा एकच, कोणीकडे धाडू? गलबतावर पिण्याचे पाणी आता फार तर चार दिवसांचे उरले होते आणि तारघर पाचला बंद होणार होते.

शेठांनी मला उचलून धरले. "हाई बाटली तठूनच दाभोळले गयी. मचवा दखनले धाडूत."

मला घाम फुटला. मी खरी, माझा प्रवास खरा आणि तरी माझी साक्ष खोटी! ओरडावे तर बाटलीला जीभ नाही.

"शेठ, तवय वारा उत्तरना व्हता. घरवालानी सांगेल व्हतं," गजराबाई म्हणाली. "यंदा दखनना शे."

"बाई, तापी कदी उलटी व्हास का? दर्याना पाणीलेबी त्यानी वाट ऱ्हास."

शेठ वाईट नव्हते. तापीकाठच्या माणसाला वाहते पाणी म्हणजे नदीच वाटते.  पण खळ्यात धान्य उपणताना गजराबाईने जन्मभर वारा पाहिला होता.

"मांगला सालना वारावर यंदानं भूस उडस का? पाणीबी वारानंच आयकस. चुकनू ते कुकू मन्हं जाई, शेठ!"

शेठांनी मला खाली ठेवले. मग पाच वाजायच्या आत तार गेली : उत्तरेला.

तीन दिवस काही कळले नाही. गजराबाई पेढीच्या पायरीवरून हलली नाही आणि लोक तिलाच बोल लावू लागले. चौथ्या दिवशी तार आली. उत्तरेला, काठेवाडच्या जाफराबादच्या अलीकडे गलबत सापडले होते, सगळे जिवंत. ती मला उराशी धरून रडली.

भिला घरी आल्यावर त्याने मास्तरांकडून एक चिठ्ठी लिहवून माझ्या गळ्यात बांधली : सन, महिना, वारा उत्तरेचा. आता त्या चिठ्ठीची शाई उडत चालली आहे. मित्रांनो, एक वेळ माझ्यावरची धूळ पुसू नका, पण तेवढी चिठ्ठी नवी करा. नाहीतर कोणी विचारले, तर मी पुन्हा दाभोळच दाखवीन.