दुसरा पेंग्विन

मित्रांनो, संगणकाचं झाकण उघडलंत तर पंखा दिसेल, तारा दिसतील, मी दिसणार नाही. नखाएवढ्या जुन्या काळ्या चिपकडे कोण बघतो? पण बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी जागी होते ती मीच. माझ्या पोटात फर्मवेअर आहे, म्हणजे यंत्र जागं करायच्या कायमच्या सूचना. मग लिनक्सचा कर्नेल, म्हणजे सगळा कारभार हाती घेणारा मुकादम येतो आणि मला विचारतो, ‘कामाला प्रोसेसर किती?’ मी सांगेन तेवढ्यांनाच तो कामाला जुंपतो. एवढा तोरा मला शोभतो.

२००२ साली मी आर्वीला आले. प्रभाकररावांच्या कापड दुकानाच्या माडीवर त्यांची सून मयुरी संगणकाचा क्लास चालवायची. आमचं एकच मोठं यंत्र सगळ्या पडद्यांचं काम ओढायचं. त्यात प्रोसेसर दोन; दुसरा सचिननं बसवलेला. बाजारातल्या दुकानांची यंत्रं सांभाळणं हाच त्याचा धंदा. पेंग्विन ही लिनक्सची खूण; यंत्र सुरू होताना जितके प्रोसेसर तितके पेंग्विन पडद्यावर उमटत. आमचे दोन पेंग्विन पाहायला पोरं धावत यायची.

प्रभाकररावांच्या घरी खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. पूजेतल्या यंत्राला दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत काम लावायचं नाही, असा नेम. त्या वर्षी त्यांनी आमचा प्लग काढला, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. मला फार बरं वाटलं. पण माणसांनी सांगितलेल्या गोष्टी मी ज्या छोट्या गोल सेलच्या बळावर लक्षात ठेवते, तो केव्हाचा थकला होता. भिंतीतल्या विजेवर निभावत होतं. हाराखाली बसल्या बसल्या मी तारीख विसरले, आणि दुसरा प्रोसेसर चालू ठेवायचा हेही विसरले.

दसऱ्यानंतर कर्नेलनं विचारलं. कारखान्यात शिकवलेलं तेवढंच मला आठवत होतं: एक. पडद्यावर एकटाच पेंग्विन उमटला आणि सगळे पडदे रेंगाळू लागले.

“सचिननं मेलेला प्रोसेसर बसवून देल्ला,” प्रभाकरराव म्हणाले. “बाजारात सांगतोच आता, याले कोणी दुकानात घेऊ नका म्हणून.”

सचिनचा चेहरा उतरला. प्रभाकररावांनी नाव टाकलेल्या माणसाला आर्वीत काम मिळत नसे. “काकाजी, तुमच्यासमोरच दोन पेंग्विन दाखवलते न मी,” तो कसाबसा म्हणाला. माझा जीव तुटत होता, पण मला तोंड कुठलं?

मयुरी मात्र पडद्याच्या कोपऱ्यात बघत होती. “बाबा, थांबा जरा. याच्यात तर जानेवारी दोन हजार दिसून राह्यला. ज्याले आजची तारीख आठवत नाई, त्याले प्रोसेसर कसे आठवतीन?”

सचिननं झाकण उघडून नवा सेल घातला. मयुरीनं माझ्या सेटिंगमध्ये जाऊन दुसरा प्रोसेसर चालू केला. पुन्हा बटण दाबलं. कर्नेलनं विचारलं, आणि मी ठणकावून सांगितलं: दोन!

दोघे पेंग्विन शेजारी शेजारी उभे राहिले. प्रभाकररावांनी वाकून ते बोटानं मोजले. “चाय पिऊन जाजो, सचिन,” एवढंच बोलून ते खाली गेले.

मित्रांनो, यंत्राला हार घाला, मला तो आवडतो. पण आधी झाकण उघडून बघा. आणि माणसाला नावं ठेवण्याआधी तर दोनदा बघा. पुढच्या खंडेनवमीला प्रभाकररावांनी सचिनला मुद्दाम बोलावून घेतलं. हातात हार घेऊन ते माझ्यापुढे उभे राहिले, पण घातला नाही.

“आधी सेल बदलव, सचिन,” ते म्हणाले. “हार मंग.”