कपाटापलीकडचे सर

निलंग्याकडच्या आमच्या शाळेत शिक्षक दोनच: मी, म्हणजे महामाया, आणि सिद्रामप्पा सर. दुसरी खोली गळते म्हणून बंद, त्यामुळे चारही वर्ग एकाच खोलीत बसतात. मध्ये लोखंडी कपाट. अलीकडे माझी पहिली-दुसरी, पलीकडे त्यांची तिसरी-चौथी.

वर्षापूर्वी मी तेरणा नदीतल्या गोट्यांवर अक्षरं रंगवली, पोरं त्यातून वाचायला शिकू लागली. आसपासच्या शाळांच्या केंद्र बैठकीत सरांनी ते ‘आमच्या शाळेचा उपक्रम’ म्हणून मांडलं. माझं नाव त्यांच्या तोंडून आलंच नाही. टाळ्या त्यांना, शाल त्यांना. राग तसाही माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. कळवायचं ते सूचना वहीत लिहायचं, खाली सही. उरलेलं भांडण कपाटावरून चालायचं. मी कविता घेतली की त्यांचे पाढे चढायचे, पाढे चढले की माझी कविता.

डिसेंबरात माझा आवाज बसला तो बसलाच. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पंधरा दिवस एक शब्द काढायचा नाही, नाहीतर कायमचा जाईल. रजा घ्यावी तर पहिलीतली सात पोरं नुकती अक्षराला अक्षर जोडायला लागलेली. तिथे खंड पडला की सगळं विस्कटतं. मी मनातून घाबरले होते. सूचना वहीत लिहिलं, बोलता येणार नाही, रजाही घेत नाही, मुलं वाचायला लागली आहेत. सरांनी वाचलं आणि सही केली.

त्या सकाळी उसावरचं धुकं पार खिडकीपर्यंत आलं होतं. आपण बोलायचं थांबलो की जग लांबून, पाण्याखालून ऐकू येतं. मी गोटे मांडले. पोरं माझ्या तोंडाकडे बघत बसली. तेवढ्यात पलीकडचे पाढे थांबले. सरांनी आपल्या पोरांना मनातल्या मनात म्हणायला सांगितलं आणि कपाटाला वळसा घालून ते माझ्या वर्गात आले, वर्षभरात पहिल्यांदा.

मी गोटा उचलला, त्यांनी अक्षर म्हटलं. मी दुसरा जोडला, त्यांनी तेही म्हटलं, पण माझ्याच चालीत, शेवट लांबवून. मग पुनमची पाळी आली. ती अडखळते. तिच्यासाठी मी मनात पाच मोजते आणि मग बोलते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सर बरोब्बर तेवढंच थांबले.

“घाई न्हाई,” ते हळू म्हणाले. हेही माझंच.

पुनमनं वाचलं, ऊस.

म्हणजे हा माणूस वर्षभर माझ्यावर आवाज चढवत होता आणि मला ऐकतही होता. मला मात्र त्यांचं पाढ्यांशिवाय काही आठवेना. मला लाज वाटली.

मग रोज तसंच चाललं, माझे हात आणि त्यांचा आवाज. आठवड्यानं केंद्रप्रमुख आले. पोरांचं वाचन ऐकून त्यांनी सरांची पाठ थोपटली, पुढच्या बैठकीत हे मांडा म्हणाले. मी खाली बघून गोटे आवरायला लागले.

सरांनी माझ्याकडे हात केला.

“हे बाईंचं हाय, सायब. गोटे त्यांचे, चाल त्यांची. मागल्या वर्षी बैठकीत मी त्यांचं नाव इसरलो न्हवतो. घेतलंच न्हाई. हितं मी नुसता आवाज हाय.”

डॉक्टरीणबाईंनी बंदी बोलण्यावर घातली होती, रडण्यावर नाही. मी पोरांसमोरच रडले.