कार्ड आमचं, रोख तुमची

"रोखच लागतील," खिडकीतल्या बाईने तिसऱ्यांदा सांगितलं. "कार्डाचं यंत्र शुक्रवारी बंद असतं, पोरी. वीस हजार पाउंड. जुम्म्याची अजान संपली की ही खिडकीही बंद. डॉक्टर नमाजानंतर एकच डोळा करतात आणि कैरोला निघून जातात. पैसे नसले तर यादीतला पुढचा माणूस आत."

सुंदुसने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. पावणेदहा. मागे बाकावर तिचा बाप, मिफ्ताह, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून ताठ बसला होता. लिबियातल्या तोब्रुकहून सल्लूमची सरहद्द ओलांडून अलेक्झांड्रियापर्यंत त्याला भाड्याच्या गाडीत आडवा घालून आणला होता. डोळ्याचा पडदा सुटला होता. आज शिवला नाही तर डोळा गेला, असं डॉक्टरने सरळ सांगितलं होतं. आणि मिफ्ताह पाण्याचा टँकर चालवायचा. एका डोळ्याच्या माणसाला टँकर कोण देतं?

"पैसे आहेत ना कार्डात?" आई, मब्रूका, कुजबुजली.

"वीस हजार आठशे होते."

"होते म्हणजे?"

म्हणजे असं, की आत्ताच कोपऱ्यावरच्या एटीएममध्ये सुंदुसने मोठ्या ऐटीत तीन हजार काढले होते. यंत्र एका वेळी तेवढेच द्यायचं. मग त्याने विचारलं, हिशोब तुमच्या दिनारात करू का? पडद्यावर आपले दिनार दिसल्यावर तिला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, आणि तिने हो दाबलं. हातात तीन हजार आले. मोबाइलवर निरोप आला, तीन हजार तीनशे ऐंशी गेले. बँकेचे दोनशे, वर यंत्राने स्वतःच्या भावाने कापलेले एकशे ऐंशी. घरचं माणूस खिसेकापू निघालं!

आता सतरा हजार चारशे वीस उरले होते आणि सतरा हजार हवे होते. अजून सहा वेळा काढायचे, दर वेळी दोनशे. बाराशे कापले जाणार. कसंही फिरवा, आठशेच्या आसपास कमी पडत होते. तोब्रुकला काकाला फोन केला तर तो म्हणाला, "आज-उद्या सुट्टी, बँक रविवारी उघडेल गं."

रविवारी! सुंदुसला वाटलं, इथेच फरशीवर बसून भोकाड पसरावं. पण सोळा वर्षांच्या मुलीला ते शोभत नाही, आणि शिवाय तिला काहीतरी आठवलं होतं. तिची आतेबहीण ट्यूनिसला शिकायला होती. ती म्हणायची, परदेशात कार्ड दुकानात घासलं तर फुकट, यंत्रातून नोटा काढल्या तर दरोडा.

"आई, चल."

"कुठे?"

"दुसऱ्यांचा बाजार करायला."

रुग्णालयाच्या वळणावरच किराण्याचं मोठं दुकान होतं. गल्ल्यावर मिरेत नावाची पोरगी होती, गळ्यात बारीक क्रूस, तोंडात च्युइंग गम. सुंदुसने एका दमात सगळं सांगितलं. लोकांचं बिल मी कार्डाने भरते, त्यांनी ती रोख मला द्यावी, तुझ्या गल्ल्याला तोशीस नाही.

मिरेतने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लिबियावाले आणि पैशाला महाग? तुमच्याकडे नळाला तेल येतं म्हणे."

"तेल येतं. पाणी माझा बाप आणून देतो. त्याचा डोळा चाललाय."

मिरेतने च्युइंग गम चघळायचं थांबवलं. मग रांगेकडे बघून ओरडली, "काका, या पोरीला कार्ड घासू द्या! रोख तिच्या हातात द्या. मी बघतेय, फसवणूक नाही."

पहिले होते एक म्हातारे. पांढरं चीज, फूल म्हणजे शिजवलेल्या घेवड्याचे डबे, दोन बाटल्या तेल. तीनशे पंचाण्णव. सुंदुसने कार्ड घासलं, चिठ्ठी आली. म्हाताऱ्यांनी थरथरत्या हाताने नोटा मब्रूकापुढे धरल्या.

आणि मब्रूकाचा हात आपोआप छातीवर गेला. "छे छे, काका! अल्लाची शपथ, खाण्याचे पैसे कुणी घेतं का? आमच्याकडून समजा."

"आई!"

"बेटी, अल्ला तुला भरभरून देवो," म्हातारे म्हणाले, नोटा खिशात टाकल्या आणि झपाझप निघून गेले. त्या वयात इतकं चपळ कुणी चालताना सुंदुसने पाहिलं नव्हतं.

"अगं, काय केलंस हे?"

मब्रूकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तोंडातून निघून गेलं गं. वीस वर्षं घरी आलेल्या माणसाला मी खिशात हात घालू दिला नाही. हात आपणच वर जातो, मी काय करू?"

"खिशात ठेव तो हात!"

आता जास्तीचे फक्त पंचवीस पाउंड उरले होते. त्यानंतर सुंदुसने आईला कोकच्या खोक्यांमागे उभं केलं आणि एकटीने किल्ला लढवला. कुणी हो म्हणालं, कुणी चोर म्हणालं. एक बाई म्हणाली, "एवढी गोड बोलतेस, नक्कीच लबाड आहेस." एकाने तीन वेळा कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि शेवटी फक्त च्युइंग गम घेतलं. सुंदुसचा घसा सुकला, हसून हसून गाल दुखायला लागले. आत कुठेतरी मात्र एक घड्याळ तिच्या बरगड्यांवर ठोके मारत होतं.

साडेअकरा वाजले तेव्हा एटीएमचे तीन हजार सोडून मुठीत चार हजार एकशे सत्तर होते. दुकान रिकामं झालं होतं. पुरुष नमाजाला निघाले होते.

"संपलं," ती म्हणाली.

मिरेतने काचेतून समोर बोट दाखवलं. "ते बघ. फ्रिज-मशीनच्या दुकानात नवरीची आई आलीय. सकाळपासून घासाघीस चाललीय. असल्या खरेदीला भिशीची रोख असते. पळ!"

त्या पळाल्या. नवरीची आई, सनिय्या, कमरेवर हात ठेवून दुकानदाराशी भांडत होती. बाजूला नवरी स्टोव्हच्या झाकणात स्वतःचं तोंड बघत होती. कपडे धुण्याचं यंत्र आणि स्टोव्ह मिळून बारा हजार आठशे चाळीस, शेवटचा भाव.

सुंदुसने सांगितलं. सनिय्याचे डोळे बारीक झाले. "कार्ड चोरीचं असेल तर? उद्या पोलीस मशीन उचलून नेतील आणि माझी पोर हाताने धुणी धूत बसेल."

"माझ्या बापाचं आहे. तो समोर रुग्णालयात आहे. वाटलं तर चला."

"मला वेळ नाही. आधी तू भर. चिठ्ठी बघेन, मग देईन."

आधी भर! आणि नाही दिले तर? सुंदुसने आईकडे पाहिलं. मब्रूकाने डोळे मिटले आणि होकाराची मान हलवली. कार्ड घासलं. यंत्र विचार करत बसलं. मग चिठ्ठी सरकत बाहेर आली, आणि त्याच क्षणी मशिदीवरून अजान सुरू झाली.

सनिय्याने ब्लाउजमधून रुमाल काढला, गाठ दातांनी सोडली आणि नोटा मोजू लागली. बोटाला थुंकी लावून, सावकाश. "दोन वर्षं भिशी भरली हो हिच्यासाठी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला. "बाप नाही हिला." तिने नोटांची चळत मब्रूकापुढे धरली.

मब्रूकाने नवरीकडे पाहिलं. तिचा उजवा हात उचलला गेला. हात छातीपाशी पोचला, तिथे थांबला.

मग खाली आला आणि तळवा वर करून पुढे झाला.

"माफ कर बहिणी," मब्रूका म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नवरीच्या घरचे पैसे घेतेय मी. माफ कर."

"अगं वेडी का तू?" सनिय्या म्हणाली. "पळ!"

त्या कशा पळाल्या ते सुंदुसला नंतर आठवलं नाही. एक चप्पल तुटली एवढंच. अजान शेवटच्या ओळीवर होती आणि खिडकीचं दार अर्धं खाली आलं होतं. सुंदुसने खालून आत हातच घातला, नोटांसकट. बाईने आधी तो हात पाहिला, मग तिला, आणि दार पुन्हा वर ढकललं.

तासाभराने मिफ्ताहला आत नेताना तो म्हणाला, "मब्रूका, त्या खिडकीतल्या बाईंना चहा पाजलास का? एवढी मदत केली."

"तू गप पडून राहा," मब्रूका म्हणाली.

दार मिटलं. वरचा तांबडा दिवा लागला. दोघी बाकावर बसल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. कार्डात पंधरा पाउंड होते, हातात जास्तीचे दहा, आणि सुंदुसच्या खिशात चिठ्ठ्यांचा चुरगळलेला गठ्ठा. तिने त्या मांडीवर सरळ केल्या.

"आपण आज काय काय घेतलं, वाचू?"

मब्रूका जवळ सरकली.

"साखर दोन किलो. मुलूखियाची भाजी. कोंबड्या तीन. लहान मुलाचे लंगोट. पांढरं चीज, फूल, तेल..."

"ते काकांचं," मब्रूका म्हणाली.

"ते तुझं. आणि शेवटी एक धुण्याचं यंत्र."

मब्रूकाला हसू फुटलं आणि हसताहसताच तिने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. दिवा तांबडाच होता. सुंदुसने चिठ्ठ्यांची नीट चळत केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.