निंबाखालच्या हॉटेलाचा विमा

बडनेरा मागे टाकून अकोल्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला रामरावांचं वावर होतं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि अमरावतीच्या बाजारात न्यायची, हे त्यांच्या घरात पिढ्यांपासून चालत आलेलं. रस्ता रुंद झाला तेव्हा कडेचा एक तुकडा शेतीच्या कामाचा राहिला नाही. त्यांच्या सुनेनं, प्राजक्तानं, तिथं हॉटेल काढलं. बोर्डावर ‘हॉटेल रानमेवा’ असं ठळक लिहिलं होतं. पण ते नाव कुणी घेत नसे. लोक म्हणत, ‘निंबाखालचं हॉटेल’.

अंगणाच्या मधोमध तो निंब, म्हणजे कडुनिंब, होता. चौघांनी हात धरले तरी त्याच्या खोडाला वेढा पडत नसे. रामरावांच्या आज्यालाही तो एवढाच आठवत होता. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटायचं, पण निंबाखाली माठातल्या पाण्यासारखा गारवा असायचा. बेसनाच्या वड्या रश्शात सोडलेली पाटोडीची भाजी, भाकर आणि ठेचा खायला लोक यायचे. जेवून झालं तरी कुणी लवकर उठायचं नाही.

हॉटेल नीट चालू लागलं तेव्हा प्राजक्तानं विमा काढायचा ठरवला. अकोल्यात जठारपेठेत धर्मपाल नावाच्या गृहस्थांचं विम्याचं काम होतं. ते एका सकाळी जागा पाहायला आले. बाजेवर बसून त्यांनी एकेक प्रकार समजावून सांगितला. आगीचा वेगळा, चोरीचा वेगळा. सिलेंडर फुटला तर, वीज जाऊन फ्रिजमधला माल नासला तर, कामावरच्या माणसाला काही झालं तर. आणि शेवटी, गिऱ्हाइकाला किंवा त्याच्या वस्तूला तुमच्या जागेत नुकसान झालं तर.

नितेश, प्राजक्ताचा नवरा, भट्टीपुढून उठून घाम पुसत आला होता. तो म्हणाला, “आगीचा करून टाका. भट्टी हाये, तं आग लागू शकते, हे मले समजते. बाकीचं कावून घ्यायचं? गिऱ्हाइकाले काय होते आपल्या इथं? जेवते अन् जाते.”

धर्मपाल मान वर करून निंबाकडे पाहत होते. पाहता पाहता उठले, चपला तिथंच ठेवून अनवाणी खोडापाशी गेले. बराच वेळ ते नुसते वर बघत राहिले. पानांतून उन्हाचे ठिपके त्यांच्या चेहऱ्यावर हलत होते.

“मी पुष्कळ जागा पाहतो,” ते हळूच म्हणाले, “पण असं झाड नाही पाहिलं, वैनी.”

मग त्यांनी बोट केलं. उगवतीकडची सर्वांत मोठी फांदी, जी स्वतःच एखाद्या झाडाएवढी होती, खोडातून जिथं निघाली होती तिथं एक काळी ओली रेघ दिसत होती. रेघेखाली बशीसारखी अळंबी उगवली होती.

“हे कवाचं?”

“असंल दोन-तीन सालापासून,” रामराव म्हणाले. “काही होत नाही त्याले. किती वादळं पाहिली त्यानं.”

“काकाजी, वादळात नाही पडत अशी फांदी. आकोटच्या रस्त्यावर एका ढाब्यावर पाहिली मी. हवा नव्हती. पान हलत नव्हतं. भर दुपारी आली खाली.” धर्मपाल प्राजक्ताकडे वळले. “गिऱ्हाइकाचा विमा घ्याल, तं कंपनी दोन गोष्टी सांगंल. ही फांदी रीतसर परवानगी घेऊन उतरवा. अन् तोवर तिच्याखाली कुणाले बसवू नका.”

रामराव ताडकन उठले. “माह्या निंबाले हात लावायचा नाही कोणी!” असं म्हणून ते वावरात निघून गेले.

नितेशचं म्हणणं सरळ होतं. लोक येतात ते निंबासाठी. उगवतीकडची सावली सर्वांत दाट. तिथली टेबलं काढली तर उन्हाळाभर निम्मं गिऱ्हाईक पुढच्या हॉटेलात जाईल. प्राजक्तानं ऐकून घेतलं. पण संध्याकाळी ती एकटी त्या फांदीखाली जाऊन उभी राहिली आणि धर्मपालांसारखी वर पाहू लागली. रोज या झाडाखालून ती शंभरदा ये-जा करायची, ताटं न्यायची, पाणी द्यायची. मान वर करून मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. केवढं वजन डोक्यावर टांगलेलं आहे, आणि ते कशाच्या भरवशावर, या विचारानं ती दोन पावलं मागे सरली.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला. आगीचा घेतला, आणि गिऱ्हाइकाचाही घेतला. परवानगीचा अर्ज दिला. सासऱ्यांना म्हणाली, “मामाजी, झाड राहीन. एक फांदी जाईन. तुमी रागवा, पण मी खाली लेकराबाळाले बसवत नाही.”

रामराव तिच्याशी बोलेनासे झाले. तिनं टेबलं मावळतीकडे आणि आत पंख्याखाली हलवली. उगवतीकडची सावली मोकळी पडली. मोकळी सावली दिसली की माणूस गाडी लावतोच; लोक तिथं गाड्या लावू लागले. टेबलांचा एवढा विचार केलेल्या प्राजक्ताला गाड्यांचं मात्र सुचलं नाही.

मे महिना संपत आला होता, फांदी उतरवायची परवानगी अजून आली नव्हती. एका दुपारी धामणगाव रेल्वेहून एक कुटुंब आलं. मोनाली, तिचा नवरा, दोन लहान लेकरं आणि म्हातारी सासू माणिकबाई. अकोल्याला लग्नाला निघाले होते. गाडी त्यांनी सावलीत लावली आणि तिथंच टेबल मांडून मागितलं.

“तिथं नाही जमत ताई, आत बसा,” प्राजक्ता म्हणाली.

“एवढी चांगली सावली सोडून आत कावून? आमी या झाडासाठीच थांबलो.”

“फांदी चांगली नाही त्याची. आत बसा, मी कूलर लावून देते.”

मोनालीनं वर पाहिलं. हिरवीगार फांदी, भरगच्च पानं. तिला ते खरं वाटलं नाही. तोंड वाकडं करून ती लेकरांना घेऊन आत गेली.

त्यांची ताटं अर्ध्यावर आली होती. बाहेर पान हलत नव्हतं. एकदम झाडावरचे सगळे राघू ओरडत उडाले. मग एक आवाज झाला. जवळ वीज पडावी तसा कोरडा, कडकडीत. पण आकाश तर निरभ्र होतं. प्राजक्ता दारात होती. तिनं पाहिलं, ती प्रचंड फांदी आधी थोडी खचली, क्षणभर अडली, जणू तिलाच निघवत नव्हतं, आणि मग सगळ्या पानांसकट, घरट्यांसकट खाली आली. जमीन हादरली. आत टेबलांवरचे पेले कलंडले. धुळीनं अंगण दिसेनासं झालं.

धूळ बसली तेव्हा सगळे बाहेर आले. जिथं कुणाच्याच आठवणीत ऊन पडलं नव्हतं, तिथं लख्ख ऊन पडलं होतं. त्या उन्हात फांदी आडवी होती, पाडलेल्या हत्तीसारखी, आणि तिच्याखाली मोनालीची गाडी चपटी झाली होती. हवेत निंबाचा कडू, ताजा वास भरला होता. वर खोडावर उघडं पडलेलं लाकूड ओलं आणि तांबूस दिसत होतं. त्याच्या आत माणूस मावेल एवढी काळी पोकळी होती.

मोनालीनं दोन्ही लेकरांना पोटाशी धरलं. “इथंच बसणार होतो आमी,” ती पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होती. माणिकबाई लंगडत पुढे गेल्या आणि खोडाला हात लावून त्यांनी डोकं टेकलं. नितेश हातात झारा घेऊन तसाच उभा होता. त्यानं प्राजक्ताकडे पाहिलं आणि तिच्या शेजारी येऊन खाली बसला.

पहिल्यांदा भानावर आली ती प्राजक्ता. “ताई, गाडी इथं लावू द्यायले नको होती. चूक आमची हाये,” ती मोनालीला आणि तिच्या नवऱ्याला म्हणाली. “पण आमचा विमा हाये. तुमचं नुकसान होऊ देत नाही.” तिनं धर्मपालांना फोन लावला, आणि नितेशनं शेजारच्या गावातून गाडी बोलावून त्या लोकांना लग्नाला रवाना केलं.

रामराव वावरातून धावत आले होते. संध्याकाळपर्यंत ते फांदीजवळ बसून राहिले, गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवत. अंधार पडायच्या आधी सुनेपाशी आले. “निंबानं मले सांगतलं नाही,” ते म्हणाले. “तुले कसं समजलं, बाई?” एवढंच. पण बोलले.

कंपनीची माणसं आली, फोटो काढून गेली. चौकशी झाली, उशीरही झाला, पण गाडीची भरपाई मोनालीला मिळाली. ते कळलं त्या दिवशी रामरावांनी धर्मपालांना अंगणात अडवलं.

“हे पैसे कुणाचे हायेत? कंपनीच्या मालकाचे?”

“नाही काकाजी. लोकांचेच. तुमच्यासारखे लाखो लोक भरतात. कुणी कोल्हापूरचा हॉटेलवाला असंल, कुणी आसामचा दुकानदार. ज्याच्यावर वेळ येते त्याले त्यातून देतात.”

“ते मले ओळखतात?”

“नाही.”

“मी त्यायले?”

“नाही.”

ज्यांची भाषा आपल्याला समजणार नाही, ज्यांचं तोंड कधी दिसणार नाही, त्यांनी आपल्या निंबाचा भार उचलला, ही गोष्ट रामरावांच्या मनात मावत नव्हती.

पुढच्या वर्षी विमा पुन्हा भरायची वेळ आली तेव्हा ते हट्टानं प्राजक्ताबरोबर अकोल्याला गेले. जठारपेठेत एका कापडाच्या दुकानावर धर्मपालांची खोली होती. एक टेबल, एक पंखा, भिंतीवर कॅलेंडर. रामरावांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

“काकाजी, घालून या,” धर्मपाल हसले.

“राहू द्या,” रामराव म्हणाले, आणि अनवाणीच आत जाऊन भिंतीकडे, छताकडे पाहत राहिले. “एवढ्याशा खोलीतून होते हे सारं?”

प्राजक्तानं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, दुसरी स्वतःसाठी.

“बसा, मामाजी,” ती म्हणाली. मग धर्मपालांकडे वळली. “भट्टीवर चार बाया हायेत आमच्याकडं. आज त्यायच्या विम्याचं बोलू.”