पाच ऑक्टोबरच्या बायका

रत्नमालानं दारात चपला काढल्या, चार पावलं आत गेली आणि मग तिच्या लक्षात आलं की परीक्षेच्या खोलीत चपला कुणी काढत नसतं. टेबलामागच्या दोघांनीही तिच्या पायांकडे पाहिलं. आता मागे फिरून चपला घालून येणं म्हणजे आणखीच शोभा. ती तशीच अनवाणी उभी राहिली. एप्रिल असूनही फरशी अजून गार होती, तेवढंच बरं.

दोघांपैकी एक प्रेमलता पांढरीपांडे. तीन वर्षं त्यांनीच तिला फ्रेंच शिकवलं होतं. दुसरे पुण्याहून आलेले परीक्षक डॉक्टर मधुसूदन आगाशे. ते तरुणपणी दोन वर्षं पॅरिसला राहून आले होते आणि ती दोन वर्षं त्यांनी अजून अंगावरून उतरू दिली नव्हती. सकाळपासून सात मुली येऊन पाठ केलेलं घडाघडा म्हणून गेल्या होत्या. खापरखेड्याहून नागपूरला येणारी बस उशिरा सुटली, म्हणून रत्नमाला आठवी आणि शेवटची.

आगाश्यांच्या कोपराशी एक छापील अर्ज कोराच पडला होता. बी.ए.च्या या वर्गातून एकीचीच शिफारस हैदराबादच्या भाषासंस्थेकडे जाणार होती. पुढचं शिक्षण, राहणं, जेवण, सगळं सरकारकडून. ती शिफारस मिळाली नाही तर रत्नमालाचं फ्रेंच आज दुपारी याच खोलीत संपणार होतं. वडील बळीराम वीजघरात कोळशावर होते. ते कधी नाही म्हणाले नव्हते, पण पाठचे दोन भाऊ मॅट्रिकला आले होते आणि घरातलं गणित तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"विषय?" आगाश्यांनी विचारलं. विचारलं अर्थात फ्रेंचमध्ये. पुढचंही बोलणं त्याच भाषेत झालं, आपण ते मराठीत ऐकू.

"पाच ऑक्टोबर, सतराशे एकोणनव्वद. पॅरिसच्या बायका व्हर्सायला राजाकडे चालत गेल्या, तो दिवस."

आगाश्यांनी सुस्कारा सोडला. हा विषय घेणारी सकाळपासूनची ती तिसरी होती.

"दहा मिनिटं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

खरं सांगायचं तर हा विषय रत्नमालानं निवडलाच नव्हता. तो निवडला होता खापरखेड्याच्या कॉलनीतल्या बायकांनी. पावसाळ्यातले वर्षावासाचे तीन महिने तिथल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले, आणि न अडखळता वाचते म्हणून ते काम रत्नमालाकडे आलं होतं. एका संध्याकाळी वाचन संपलं, तरी तिची मावशी तुळसाबाई उठेना.

"आता तू कॉलेजात काय शिकून राहिली, ते सांग ना वं."

रत्नमालानं सहज त्या बाजारातल्या बायकांची गोष्ट सांगितली. घरात पाव नाही, आणि राजा तिकडे दूर महालात. मग त्या सगळ्या मिळून निघाल्या.

"किती दूर होतं?" शेजारच्या कांताबाईनं विचारलं.

"असंन सहा-सात कोस."

"म्हंजे अठून नागपूरची सीताबर्डी!" कांताबाईला एकदम सगळं दिसायला लागलं. "पाणी येऊन राहिलं होतं का?"

"हो. भिजतच गेल्या."

"अन् लेकरं कोणापाशी ठेवली त्याईनं?" तुळसाबाई म्हणाली.

रत्नमालाला हे ठाऊक नव्हतं. उत्तर दिलं ते भिंतीला टेकून बसलेल्या तिच्या आईनं, बायजाबाईनं.

"लेकरं घेऊनच जा लागते वं. छप्पन साली दीक्षेले मी अन् तुळसा आपल्या गावाहून, खाप्याहून, पायी नागपूरले आलो, तवा तू माह्या कडेवर होती. तोई मयना ऑक्टोबरच होता."

त्या दिवसापासून विहारात गौतम बुद्धांच्या पाठोपाठ पॅरिसच्या बायकाही रोज येऊ लागल्या. त्यांच्या पायात काय होतं? वाटेत खाल्लं काय? राजासमोर पहिली कोण बोलली? रत्नमाला हे प्रश्न वहीत उतरवून प्रेमलताबाईंकडे न्यायची. प्रेमलताबाईंनाही त्यांची उत्तरं येत नव्हती, आणि तसं सांगायला त्या लाजल्या नाहीत. त्यांनी विभागाचं कपाट उघडलं आणि कुणी कधी हात न लावलेली जाडजूड फ्रेंच पुस्तकं खाली काढली. तास संपले की दोघी शब्दकोश मध्ये ठेवून बसायच्या. कांताबाईच्या एका शंकेसाठी चाळीस पानं वाचावी लागली होती, आणि उत्तर सापडलं तेव्हा दोघींना बोर्डात आल्यासारखा आनंद झाला होता.

एका प्रश्नावर मात्र पुस्तकांनी हात टेकले.

"त्याईची नावं काय होती?" तुळसाबाईनं विचारलं.

"दोन-चारच लिहिली आहेत, मावशी."

"हजारो बायका गेल्या अन् नावं दोन-चार?" तुळसाबाईला खराच राग आला. "राजाचं असंन, राणीचं असंन. बाकीच्या काय बिननावाच्या जल्मल्या? काहून नाई लिवली? घाल मंग आमची!"

आणि रत्नमालानं ती घातली.

आता परीक्षेच्या खोलीत ती बोलू लागली. आधीच्या मुलींसारखी छताकडे पाहून नाही, तर समोरच्या माणसाकडे पाहून, जिथे ऐकणाऱ्याला शंका येईल तिथे थांबत. तिसऱ्या मिनिटाला आगाशे खिडकीतून आत वळले. पाचव्या मिनिटाला त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पावसानं जड झालेले घागरे, चिखल, वाटेतल्या बंद दुकानांची दारं, सगळं ती सांगत होती. विहारात रोज सांगितलेली गोष्ट आपल्या पायांनी चालत होती.

"फाटकाशी आल्यावर पहारेकऱ्यानं विचारलं, कुणाच्या परवानगीनं आलात? तेव्हा तुळसा पुढे झाली. बायजा तिच्यामागेच होती, कडेवर मूल..."

प्रेमलताबाईंची पेन्सिल थांबली. आगाश्यांनी हात वर केला.

"थांबा. तुळसा कोण? बायजा कोण? तीस वर्षं मी हा दिवस शिकवतो आहे. ही नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत."

रत्नमालाच्या तोंडून विहारातली नावं निसटली होती. काय होऊन बसलं ते तिला आत्ता कळलं. 'चूक झाली' हे दोन शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढे म्हटले असते तर चार गुण जाऊन प्रकरण मिटलं असतं. पण तसं म्हणायचं म्हणजे तुळसाबाईला तिच्या तोंडावर खोटं पाडायचं, असं तिला वाटलं. तिनं पदर सारखा केला.

"पुस्तकांत दोन-चार नावं आहेत, सर. चालल्या होत्या हजारो. बाकीच्यांना आमच्या बायकांनी आपली नावं दिली."

"आमच्या म्हणजे?"

"खापरखेड्याच्या. त्याही अशाच चालल्या होत्या, एकोणीस वर्षांपूर्वी, आपल्या जुन्या गावाहून, खाप्याहून, नागपूरला. तोही ऑक्टोबरच. पॅरिसच्या बायकांना भाकरी हवी होती. आमच्या बायका दीक्षा घ्यायला निघाल्या होत्या. त्यांचीही नावं कुठे लिहिलेली नाहीत."

हे तिनं पाठ केलेलं नव्हतं. तरी वाक्य एका दमात, कुठेही न अडता आलं, आणि प्रेमलताबाईंचा ऊर भरून आला. आपण शिकवलेल्या भाषेत कुणीतरी पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी बोललं होतं.

आगाश्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एक बाई तुम्ही गाळलीत," ते म्हणाले. "सकाळी सगळ्यांच्या आधी एक तरुण मुलगी ढोल वाजवत रस्त्यावर येते. तो ढोल ऐकून बाकीच्या जमतात. ती तर सगळ्या पुस्तकांत आहे. तिला का वगळलंत?"

रत्नमालानं ती वगळली होती, आणि मुद्दामच. विहारातसुद्धा ती तेवढा भाग खाली मान घालून भरभर उरकायची, आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसत हसायच्या.

"विसरलात?"

"नाही, सर."

"मग तिलाही नाव दिलं असेल तुमच्या बायकांनी."

"दिलं आहे."

आगाश्यांनी कोपराजवळचा अर्ज समोर ओढला. पेनाचं टोपण काढलं. आणि सकाळपासून पहिल्यांदाच ते मराठीत बोलले.

"सांगा. काय नाव तिचं?"

"रत्नमाला."

"पूर्ण सांगा."

कॉलेजच्या तीन वर्षांत आडनाव विचारलं की तिचा आवाज आपोआप एक पायरी खाली उतरायचा.

"रत्नमाला बळीराम गजभिये," ती म्हणाली, आणि ते बाहेर व्हरांड्यात बसलेल्या शिपायालासुद्धा ऐकू गेलं.

आगाशे लिहीत होते.